पाचातले दोन शब्द

१७ जानेवारी
आज क्लबात स्मृतिपरीक्षा! हंगामाआधी मार्सी – आमच्या फुटबॉल संघाची फिजिओ – एकेकाला खोलीत नेते, पाच शब्द ऐकवते, दहा मिनिटांनी विचारते. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की तीच परीक्षा परत. गुण घसरले तर खेळाडू बाहेर. म्हणून मुरलेले खेळाडू जानेवारीतच मुद्दाम कमी गुण घेतात – मग घसरणार काय? सेंट लुईसमधला अख्खा संघ हे जाणतो. मीही. अकरा वर्षं बातम्या लिहितोय, ही एक लिहिलेली नाही.

कॉर्बिन हॅलोरन, चौतीस वर्षांचा आमचा बचावपटू, दोन शब्द सांगून बाहेर आला. मी म्हटलं, "नटवर्य, पाठशाळेत आमच्या शास्त्रीबुवांनी छडी मोडली असती तुमच्यावर."
"प्रोफेसर, तुम्ही डोकं वापरून लिहिता, मी डोकं आपटून पोट भरतो. सांभाळून घ्या."
जरा उशिरा हसला.

२ मार्च
विमानात कॉर्बिनने एकच विनोद दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा मी आधी हसलो.

११ एप्रिल
कॉर्नर. कॉर्बिनचं कपाळ, पाहुण्या खेळाडूचं कोपर. आवाज पत्रकारांच्या कक्षापर्यंत आला.

१३ एप्रिल
परत परीक्षा – पाचातले दोन. जानेवारीइतकेच! डॉक्टर खूश. मार्सी मात्र मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही त्याला ओळखता. जानेवारीत त्याला खरंच दोनच आठवले होते?"

ते नाटक होतं हे सांगितलं असतं तर कॉर्बिन संघाबाहेर बसला असता. तीनशेवा सामना सात आठवड्यांवर आलाय. तेवढा होईपर्यंत गप्प राहा, असं त्याने मला विनवलंय. मी म्हटलं, "मार्सीबाई, त्याला स्वतःच्या लग्नाची तारीखही आठवत नाही." ती हसली नाही. तो खेळणार.

मला चाळीस वर्षांपूर्वीची पाठशाळेतली संस्कृत शब्दरूपं अजून पाठ आहेत. आज उगाच म्हणून पाहिली.

९ मे
अकरा वर्षांच्या रोजच्या रस्त्यावर कॉर्बिन वाट चुकला, सरावाला उशिरा आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

२९ मे
उद्या तीनशेवा. तळलेल्या रॅव्हिओलीची थाळी मध्ये ठेवून कॉर्बिनने सगळ्यांसमोर विचारलं, "प्रोफेसर, तुमचं खरं नाव काय हो?" हशा पिकला. मीही हसलो. तो उत्तराची वाट पाहत होता.

३० मे
फाटकाशी त्याची बायको ट्रीना भेटली. थट्टेत म्हटलं, जानेवारीचं नाटक यंदा फारच रंगलं.
ती थबकली. "कुठलं नाटक? यंदा लेकीची शपथ घातली होती मी त्याला. परीक्षा खरी दिलीय त्याने."

संघ मैदानात उतरतोय. मार्सी फोन उचलत नाही. खाली निघालो –