जुन्या चष्म्यांचं पांघरूण

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. (खरोखरच घातला असता, पण अलीकडे मी आडवा झालो की घरातले सगळे आशेने माझ्याकडे बघू लागतात, म्हणून मनातल्या मनात.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनी जिना चढणं सोडलं की जिन्याने त्यांना? मुलं अभ्यास करतात असं गृहीत धरतो. इकडे आम्ही बरे आहोत. आईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नीट पार पडली, हे तुम्हाला फोनवर कळलंच आहे. डोळा छान आहे. मधे एक दिवस तो जरासा लाल झाला होता. त्याबद्दल तुमच्या बहिणीने तुम्हाला काही कळवलं असेल, तर माझी बाजू वाचल्याशिवाय मत बनवू नका, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच. (फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही मधेच प्रश्न विचारता आणि मग माझं खरं बोलायचं राहून जातं.)

मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतो हे तुम्ही जाणताच. नंबर तपासायची खोली म्हणजे झोप न येणाऱ्या माणसासाठी सापळा आहे. खोलीत अंधार, दार बंद, बसायला गुबगुबीत स्टूल, समोर एक मिणमिणता फळा आणि कुणीतरी एका सुरात अक्षरं वाचतंय. गेले कित्येक महिने घरी माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. अंथरुणावर पडलो की दिवसभरातले सगळे नंबर डोक्यात फिरायचे, आणि ते थांबले की आपण गॅस बंद केला का, हा प्रश्न. पण दुकानातल्या त्या खोलीत शिरलो की मात्र मान आपोआप खाली. एके दिवशी एका शाळेच्या मुख्याध्यापिका तपासणीला आल्या. त्यांनी फळा वरून खालपर्यंत वाचला. मी काही बोललो नाही, म्हणून खालून वरपर्यंत वाचला. मग दुसऱ्या डोळ्यावर स्वतःच झाकण धरून पुन्हा वाचला. शेवटी बाहेर जाऊन त्यांनी मालकांना हलक्या आवाजात सांगितलं, की आतल्या गृहस्थांना बहुधा काहीतरी झालंय, पण चेहरा समाधानी आहे.

मालक तसे सज्जन. ते पाण्याचा ग्लास घेऊनच आत आले. (प्यायला की तोंडावर मारायला, हे त्यांचं अजून ठरलं नव्हतं.) म्हणाले की लोक इथे नीट दिसावं म्हणून येतात, तपासणाऱ्यानेच डोळे मिटले तर दुकानाची पाटी उतरवावी लागेल. पुन्हा असं दिसलं तर तुम्हाला झोपायला घरीच पाठवीन, आणि परत बोलावणार नाही. दादा, हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की त्या रात्री माझी उरलीसुरली झोपही गेली.

दुकानात काउंटरवर एक मुलगी आहे. तिला जगातल्या प्रत्येक अडचणीवर फोनमध्ये उपाय सापडतो. तिने मला वजनदार पांघरुणाची जाहिरात दाखवली. आत काचेचे बारीक मणी भरलेले असतात, आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं जड घ्यायचं आणि अंगावर ओढायचं. कुणीतरी कुशीत घेतल्यासारखं वाटतं आणि जीव शांत होतो, असं त्यात लिहिलं होतं. किंमत वाचल्यावर मात्र कुणीतरी गळा धरल्यासारखं वाटलं. संध्याकाळी घरी मी हे केवळ गंमत म्हणून सांगितलं. तुमची बहीण हसली. आई हसल्या नाहीत. त्या वेळी त्यांच्या एका डोळ्यावर ढापण होतं. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ आमच्या कपाटाकडे. त्या नजरेचा अर्थ तुम्ही लहानपणापासून ओळखत असाल, मला तो उशिरा कळला.

त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. वजनच हवंय ना, मग घरात वजनाला काय तोटा? त्या रात्री माझ्या अंगावर दोन रजया, पाहुण्यांची घोंगडी, हिवाळ्याचे पडदे आणि सगळ्यांत वर बैठकीच्या खोलीतला गालिचा, असं सगळं रचलं गेलं. (रचायचं काम तुमच्या बहिणीने केलं, आई खुर्चीतून हात दाखवत होत्या.) आणि दादा, खोटं कशाला सांगू, मला झोप लागली. चांगली गाढ. सकाळी मी दिसेना म्हणून तुमच्या बहिणीने आधी न्हाणीघर पाहिलं, मग जिन्यात डोकावून पाहिलं, आणि मग कुणीतरी क्षीण आवाजात हाका मारतंय म्हणून गालिचा उचलला. मी घामाने असा निथळत होतो की अंथरूण पिळून वाळत घालावं लागलं. पण आईंनी त्यातून नेमका मुद्दा उचलला. वजन उपयोगी आहे, ऊब नको, एवढंच त्या म्हणाल्या. इतक्या चिखलातून इतकं स्वच्छ अनुमान काढणारा माणूस मी आमच्या कॉलेजात पाहिला नव्हता.

पुढे वाळूचा प्रयोग झाला. दोन चादरी एकत्र शिवून मधे चाळलेली वाळू. शिवण एका कोपऱ्यात उसवली आणि सकाळी मी समुद्रकिनाऱ्यावर उठलो, फक्त समुद्र नव्हता. तुमची बहीण रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, तिथे धुळीचा कण चालत नाही. तिच्या डब्यात वाळू निघाली. मग माशांच्या टाकीत घालतात ते गुळगुळीत खडे. खडे गळत नाहीत, पण मी कूस बदलली की ट्रक रिकामा केल्यासारखा आवाज व्हायचा. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त वकील राहतात. त्यांनी सकाळी वर येऊन फार सभ्यपणे विचारलं, की आपण घरी बांधकामाचा व्यवसाय सुरू केला आहे का, आणि केला असल्यास परवाना कुणाच्या नावावर आहे. त्या दिवशी तुमच्या बहिणीने हुकूम काढला: यापुढे प्रयोग बंद. आईंनी वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. आणि मी (माझ्याकडे बोट दाखवून) त्यांना भरीला घालायचं नाही. भरीला घालणारा मी! दादा, तुम्हीच सांगा, आईंना आजवर कुणी भरीला घातलंय?

ढापण निघालं आणि काही दिवसांनी डॉक्टरांनी हलकी कामं करायला परवानगी दिली. तेव्हा मी आईंना नंबर बघायला दुकानात घेऊन गेलो. फळा वाचताना त्या सगळ्यांत खालच्या ओळीवर थांबल्या. मला वाटलं दिसत नाही. पण त्या म्हणाल्या की दिसतंय, जरा बघू द्या, इतकं बारीक किती वर्षांत पाहिलं नाही. मी खोलीत अंधार आहे याचा फायदा घेऊन नाक पुसलं. बाहेर आल्यावर मागच्या खोलीत त्यांना पोतं दिसलं. लोक नवा चष्मा घेतात आणि जुना तिथेच सोडून जातात. त्यांतल्या फ्रेम मोडीत जातात, पण जाड काचा वर्षानुवर्षं पोत्यात साठलेल्या. त्यांनी पोत्यात हात घातला आणि बराच वेळ बाहेर काढलाच नाही. काठ घासलेले, हाताला थंड, आणि वजनाला भक्कम. मग मालकांकडे वळून, जणू दुकान त्यांचंच आहे अशा थाटात विचारलं, हे कुणाला लागतंय का? मालक म्हणाले की न्याल तर माझ्यावर उपकार होतील.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. तुमची बहीण सकाळी कामाला गेली की आईंचा कारखाना सुरू. मी दुकानात दुपारनंतर जायचो, त्यामुळे सकाळचा मदतनीस मी. जुन्या मऊ चादरी, त्यावर चौकोनी कप्पे, प्रत्येक कप्प्यात कापसात गुंडाळलेल्या काचा, म्हणजे एकमेकींवर आपटायला नकोत. काठ फुटका वाटला की ती काच बाद. सुईत दोरा ओवायचं काम माझं असं मी गृहीत धरलं होतं, पण सुई त्यांनी मला दिली नाही. स्वतः पहिल्या फटक्यात ओवायच्या, माझ्याकडे बघायच्या, दोरा काढून टाकायच्या आणि पुन्हा ओवायच्या. मी विचारलं की दोरा चुकला का? तर म्हणाल्या, नाही हो, मजा येते.

पांघरूण तयार झालं तेव्हा ते अंगावर घेऊन मी पडलो. कसं सांगू? नदीत उभं राहिलं की पाणी सगळ्या बाजूंनी हळूच दाबतं ना, तसं. गरम नाही, आवाज नाही. त्याखाली पडून मी विचार करत होतो की किती अनोळखी लोकांची नजर माझ्या अंगावर आहे. कुणी यातून वर्तमानपत्र वाचलं असेल, कुणी नातवाचा चेहरा पाहिला असेल. इथपर्यंत विचार केल्याचं आठवतं, पुढचं सकाळचं. दुकानात मालकांनी आठवडाभर पाळत ठेवली. मग एकदा अंधाऱ्या खोलीचं दार हळूच उघडून पाहिलं आणि मी टक्क जागा दिसल्यावर ते इतके दचकले की त्यांनीच माझी माफी मागितली.

आता डोळ्याचं. इतकं जड पांघरूण धुता येत नाही, ऊन दाखवावं लागतं. ते काम मी करणार असं ठरलं होतं. पण मी आंघोळीला गेलो असताना आईंनी ते एकटीने ओढत गच्चीच्या दारापर्यंत नेलं आणि कठड्यावर उचलून टाकलं. संध्याकाळी डोळ्याचा पांढरा भाग एका कडेने लालबुंद. तुमच्या बहिणीचा चेहरा पांढराफटक, आणि माझा कुठला रंग होता ते मला माहीत नाही. आम्ही तिघं डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी डोळा तपासला आणि सांगितलं की बाहेरची बारीक रक्तवाहिनी फुटलीय, आपोआप जाईल, आतलं सगळं जागेवर आहे. मग चष्मा कपाळावर सरकवून आईंना विचारलं, "काय उचललंत?"

आई शांतपणे म्हणाल्या, "जावयाची झोप."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला सगळ्या पेशंटांसमोर झापलं, आणि दादा, मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. बाहेर रिक्षात तुमची बहीण रडली, मग आईंवर चिडली, मग माझ्यावर, मग रिक्षावाल्यावर. आई तिच्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. लाली आता पूर्ण गेली आहे, याला साक्षीदार डॉक्टर आहेत. आणि तुमच्या बहिणीचा राग गेला की नाही म्हणाल, तर परवा सुट्टीच्या दुपारी ती त्याच पांघरुणाखाली घोरत होती. (हे तिला कळवू नका.)

मी तुमच्या घरात जावई म्हणून आलो तेव्हा मित्रांनी सासूबाईंबद्दल मला बरेच सल्ले दिले होते. त्यांतला एकही उपयोगी पडला नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा, डोळे उघडे असलेला,
मेहुणा

ता. क. येत्या रविवारी तुम्ही आईंना न्यायला येणार असं कळलं. जरूर या, जेवा, चार दिवस राहा. फक्त न्यायला येऊ नका. दुसरा डोळा अजून व्हायचाय, प्रवासाची दगदग कशाला?

आणखी एक. दुसरा डोळा तुमच्या गावीही होऊ शकतो हे मला माहीत आहे, तेव्हा खरं सांगतो. मागे आई मावशींकडे राहून आल्या. पांघरूण इथेच होतं. ते डोक्यापर्यंत ओढूनही मी छताकडे बघत पडलो. त्या परत आल्या त्या दुपारी स्वयंपाकघरात बसून तुमच्या बहिणीला मावशींच्या सुनेबद्दल काहीतरी लांबलचक सांगत होत्या, आणि मी सोफ्यावर, अंगावर साधं वर्तमानपत्रही नसताना, गाढ झोपलो. तेव्हा हवं तर पांघरूण तुम्ही न्या. आईंना राहू द्या.

अगदी शेवटचं. पाकीट आणायला उठलो तेवढ्यात आईंनी हे पत्र टेबलावरून उचललं आणि चष्म्याशिवाय सगळं वाचलं. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितोय. "मला न विचारता माझी वाटणी करू नका. दुसरा डोळा झाला की कुठे राहायचं ते मी ठरवीन." आणि फोनवर तुमचा आवाज ऐकून त्यांना कळलंय की तुम्हीही झोपत नाही, वहिनींना कळू नये म्हणून नुसते डोळे मिटून पडता. तुमच्यासाठी कापड कापून झालंय, काचा आहेत, फक्त माप अडलंय.

"त्याला लिहा," त्या म्हणाल्या, "वजन कळव. खरं."