यांचा डोळा उघडायच्या आत

३ फेब्रुवारी, सोमवार

यांच्या मोतीबिंदूला तारीख मिळाली! सत्तावीस. पनवेलला. साखर शेवटी आटोक्यात आली. तीन वर्षं सगळे सांगत होते आणि हे आपले 'करू, करू'.

आता टीव्हीसमोर बसतात ते नुसतं ऐकायला. घरात कोण आलं ते पावलांवरून ओळखतात. आज डॉक्टर म्हणाले, "काका, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की सगळं लख्ख!" हे असे हसले की मलाच भरून आलं.

येताना रिक्षाच्या आरशात माझं तोंड दिसलं. मग कर्जतला घरी पोचेपर्यंत त्या आरशाकडे बघितलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

लिहूनच टाकते. मला भीती वाटतेय. ऑपरेशनची नाही – माझी.

यांनी मला शेवटचं नीट पाहिलं तेव्हा मी सेहेचाळीसची होते. त्यानंतर आई गेली. वजन गेलं. झोप गेली. सगळं गेलंच, आल्या त्या नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत या दोन चरा! आणि हे परवा नणंदेला फोनवर सांगतात, "आमच्या हिरूला वय लागत नाय."

अहो, लागलंय. तुम्हाला दिसत नाही एवढंच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सहा वर्षं मी नेरळच्या स्किन क्लिनिकमध्ये काउंटरवर बसते. फिलर म्हणजे काय हे मला पाठ आहे – इंजेक्शनने कातडीखाली जेल भरतात, चर भरून येते. किती जणींचे फॉर्म भरले! कधी मनात आलं नाही की आपणही आत जाऊन त्या खुर्चीत बसावं. आज आलं.

आमच्या डॉक्टर, अनिसा मॅडमना विचारलं. आधी त्या हसल्या. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "थोडंसंच भरू, ताई. जास्त भरलं की सरकायची भीती जास्त. सूज पूर्ण उतरायला दोन आठवडे धरा." दहा ते सोळा त्या बाहेरगावी. म्हणजे शनिवारीच!

८ फेब्रुवारी, शनिवार

झालं. दुखलं नाही फारसं. पण जे केलंय ते इथे तरी खरं लिहिते.

आमच्या फॉर्मवर एक प्रश्न आहे. दोन वर्षांपूर्वी चौक गावची एक नवरी फिलर करून गेली, चौथ्या दिवशी हळद. मावश्या-आत्यांनी गाल असे चोळले की भरलेलं सगळं खाली उतरलं. पोरगी मांडवात तोंड झाकून बसली होती म्हणे. तेव्हापासून मॅडमनी छापून घेतलं – 'येत्या पंधरा दिवसांत घरात हळद, लग्न किंवा चेहऱ्याचा मसाज आहे का?' हा प्रश्न सगळ्यांना मीच विचारते. कोणी हो म्हटलं की मीच पुढची तारीख देते.

आज माझ्या फॉर्मवर मी 'नाही' लिहिलं.

बाराला स्वप्नीलची हळद आहे. सख्खा पुतण्या माझा.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे चेहरा दाबायचा नाही, चोळायचा नाही. वाफ नको, चुलीसमोर बसणं नको. उताणं झोपायचं. कातडी पांढरी पडली, खूप दुखायला लागलं किंवा नजर अंधुक झाली तर त्याच मिनिटाला मॅडमना फोन. किती जणींकडून हे घोकून घेतलंय मी!

आरशात बघितलं. थोडी सूज आहे, पण चरा गेल्या. खरंच गेल्या! दोनदा उठून बघून आले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गावी. हळद झाली.

मी सगळं ठरवून आले होते. सर्दी झालीय म्हणायचं, ओढणी गुंडाळायची, मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसायचं. तासभर निभावलंसुद्धा. मांडवात धवलारणी लग्नाची गाणी म्हणत होत्या, पोरी एकमेकींना पिवळं करत होत्या. मग जाऊबाई शोधत आल्या. इंदूबाईंपुढे कोणाचं चाललंय! "पोराची काकू तू आन् हितं लपतेस? सर्दीला हळद चांगलीच गं!" हात धरून ओढतच नेलं.

तरी मी बोलले असते. खरंच. पण समोर गोदूबाई होत्या – यांच्या चुलती, ऐंशीच्या वर. मला नवरी म्हणून या घरची पहिली हळद त्यांनीच लावली होती. ओंजळभर हळद-तेल घेऊन थरथरत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पुढच्या लग्नाला मी असंन का नाय, कोनाला ठावं. ये बाय, त्वांड पुढं कर."

मी तोंड पुढं केलं.

तान्ह्या पोराला चोळावं तशा चोळत होत्या, दोन्ही अंगठ्यांनी, नाकापासून खाली. हाडकुळे हात, पण जोर भारी! "कशी सोन्यावानी दिसते गं," म्हणाल्या. मी डोळे मिटून घेतले. कोणाला वाटलं असेल, कौतुकानेच मिटले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लग्न लागलं. डाव्या ओठाच्या कोपऱ्याखाली चिंचोक्याएवढं टेंगूळ. वर चर होती तशी. सगळ्या फोटोंत मी उजवा गाल पुढे करून.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मूर्खपणाची हद्द झाली. आरशासमोर उभी राहून टेंगूळ अंगठ्याने वर सरकवत बसले. दहा मिनिटं! आता एकाची दोन झालीत, आणि गाल लाल.

मॅडमना फोन करायला हवा होता. नंबर काढला, ठेवला. फॉर्मवर खोटं लिहिलेली बाई काय म्हणून फोन करणार?

दुपारी हे जवळ बसले होते. बोलता बोलता हात गालावर आला – सवय आहे त्यांना. थांबले. "ह्ये काय गं? सुजलंय." मी म्हटलं, दाढ. लगेच उठले. नको नको म्हणेपर्यंत स्वयंपाकघरात. एकेक डबा उघडून वास घेत होते. बडीशेप – नाही. जिरं – नाही. शेवटी लवंग सापडली. आणून हातावर ठेवली. "धर दाढंखाली."

न दुखणाऱ्या दाढेखाली लवंग धरून मी रडले. यांना वाटलं, फारच ठणकतंय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मॅडम आल्या. क्लिनिक उघडायच्या आधीच खुर्चीत जाऊन बसले. ओरडतील वाटलं होतं. बोटाने हलकेच चाचपलं आणि विचारलं, "हळद?"

मी मान हलवली.

"आणि स्वतः दाबलंत?"

पुन्हा मान.

त्यांनी गालावर बोट टेकवून रंग परत येतो का बघितलं. मग म्हणाल्या, "रक्त अडलेलं नाही, नशीब. पण हे घरी आरशात बघून कळत नाही, लगेच फोन करायला हवा होता. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तुम्हीच तिला फैलावर घेतलं असतं, हिरूताई." खरंय. मग सगळं सांगितलं – ऑपरेशन, सत्तावीस तारीख, यांच्या डोक्यातली ती सेहेचाळीसची बाई. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मी तुमचा फॉर्म वाचलाच नाही. तुम्ही आहात म्हणून सही केली. माझीही चूक."

दाबून ते परत जागेवर जात नाही. ते विरघळवायचं वेगळं इंजेक्शन असतं. लाली उतरली की गुरुवारी. मी विचारलं, "पुन्हा भराल ना लगेच?"

"महिनाभर तरी नाही. आणि सत्तावीसच्या आत तर मुळीच नाही."

२० फेब्रुवारी, गुरुवार

आधी हातावर टोचून बघितलं, मग गालावर. थोडं चुरचुरलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गाठी गेल्या. चरा जशाच्या तशा. उलट जास्तच खोल वाटतात, की मीच जास्त बघते?

२४ फेब्रुवारी, सोमवार

जेवताना सहज विचारलं, "पट्टी काढल्यावर पहिलं काय बघणार?"

"तुला. आनखी काय बघायचं हाय?" असं म्हणून आमटी मागितली. जशी काही रोजचीच गोष्ट! मी दोन पळ्या वाढल्या.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ऑपरेशन नीट झालं. देवा, आता उद्या.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पट्टी काढली तेव्हा मी मुद्दाम खिडकीकडे पाठ करून उभी होते. यांनी खांद्याला धरून मला उजेडाकडे वळवलं. केवढा वेळ बघत होते. मीच म्हटलं, "बोला की. म्हातारी झाले ना?"

"किती दमलीस गं, हिरू," म्हणाले.

आता घरी आहोत. मला बसवून ठेवलंय आणि आत हे चहाचं आधण ठेवतायत. लग्नाच्या सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. मी उठले नाही.