उणे तेरा वर्षांची नात

दौंड
रविवार, १६ सप्टेंबर २००७

चि. करुणा हिस,

आप्पांचा जय भीम आणि पाठीवरून हात. इकडे आम्ही दोघं धडधाकट. तुझ्या आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो, तोंड शाबूत आहे. नवनाथरावांची रात्रपाळी संपली का? गौतमीचा खोकला थांबला का? हे फोनवर विचारता आलं असतं. पण आजचं पत्र फोनवर मावणारं नाही. बोलता बोलता मी कुठल्या तरी कवितेत शिरेन आणि तू म्हणशील, "आप्पा, विषय बदलू नका."

आधी गमतीची बातमी. तुझा बाप शिकवणीला जातो. मागच्या गल्लीत अनुपमाबाई आठवीचं गणित घेतात, तिथं जूनपासून पोरांच्या रांगेत सतरंजीवर बसतो. पहिल्या दिवशी तुझ्या आईनं दारातून हाळी दिली, "अहो, डबा देऊ का? आन् पाटी कुठं हाय?" सगळ्या गल्लीनं ऐकलं.

समीकरणं चालू होती. मला वाटलं, कवितेत नाव न घेतलेलं एक माणूस असतं ना, तसा हा क्ष. बाईंना तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "आप्पा, कविता नंतर. आधी क्ष एकटा करा."

एकदा त्यांनी सांगितलं, प्रत्येकानं आपल्या घरातलं गणित तयार करून आणा. मी तुमचं, मायलेकींचं केलं. मुलीचं वय क्ष. आई तिच्याहून वीस वर्षांनी मोठी. दोघींच्या वयांची बेरीज शेहेचाळीस. म्हणजे दोन क्ष अधिक वीस बरोबर शेहेचाळीस. सोडवलं, तर गौतमी आली उणे तेरा वर्षांची!

एक पोरगी म्हणाली, "आप्पा, तुमची नात जन्माला यायला अजून तेरा वर्षं हायेत." वर्ग लोळला.

बाईंनी वहीची मागची पानं चाळली. आठवडाभर माझं प्रत्येक उत्तर उणे. वीस पलीकडे नेताना त्याचं चिन्ह बदललं, ते बरोबर. पण जागेवर बसलेल्या दोन क्षचंही चिन्ह मी बदलत होतो. "असं का करता?" मी म्हटलं, "बाई, चौतीस वर्षं दौंड जंक्शनात सांधेवाला होतो, गाड्यांचे रूळ बदलून द्यायचो. पुण्याहून मनमाडकडं जाणारी गाडी आली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचं, आन् सबंध गाडीचं तोंड फिरायचं. एकट्या डब्याचं तोंड फिरल्यालं मी कवा पाहिलं न्हाई."

बाईंनी हसू आवरलं. मग म्हणाल्या, "इथं काहीच पलीकडं जात नाही हो आप्पा. आपण दोन्ही बाजूंनी वीस वीस काढतो. एका बाजूचं काढलं की दुसऱ्या बाजूचंही काढावं लागतं, एवढंच."

दोन क्ष बरोबर सव्वीस. क्ष तेरा. ताळा केला: तेरा आणि तेहेतीस, शेहेचाळीस.

तेहेतीस! करुणा, कधी झालीस गं? माझ्या डोळ्यांपुढं तू अजून क्वार्टरच्या पायरीवर बसून पाखरांची कविता म्हणतेस. मालगाडी आली की थांबतेस. शेवटचा डबा गेला की ज्या शब्दावर थांबलीस त्याच शब्दापासून पुढं. एकही शब्द सांडायचा नाही तुझा. मी हिरवा झेंडा गुंडाळत ऐकायचो आणि वाटायचं...

बघ, शिरलोच. विषयावर येतो.

मे महिन्यात मी कारेगावला तुमच्याकडं होतो. गौतमीनं तुला गणित विचारलं. तू पीठ मळत होतीस. म्हणालीस, "मला काय इचारती? मी ढ. गणितात नापास झाले ते झाले, वर आक्टोबरचा फॉर्म बी उशिरा दिला. माझी मीच मुदत घालवली." आणि हसलीस. कंपनीत तू काम शिकवलेल्या पोरी सुपरवायझर झाल्या आणि दहावी नाही म्हणून तू लाइनवरच राहिलीस, हे सांगतानाही तशीच हसलीस.

मी चहा पीत होतो. पीतच राहिलो.

करुणा, फॉर्म तू उशिरा दिला नव्हतास.

ब्याण्णव साली, मुदतीच्या नऊ दिवस आधी, तू तो भरून, सही करून माझ्या हातात दिलास. शाळेत देऊन येतो म्हणून मी तो कामाच्या कोटाच्या खिशात घातला. त्याच आठवड्यात नवनाथरावांच्या घरून विचारणा झाली होती. कायम नोकरीचा मुलगा, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. तू तर पास झाले की पुण्याला कॉलेजात जाणार म्हणायचीस. तोवर हे स्थळ थांबणार नाही, या भीतीनं मी शाळेकडं फिरकलोच नाही. दहाव्या दिवशी घरी येऊन म्हणालो, "मुदत गेली गं." तू विचारलंस, "मी आधी द्यायला पायजे हुता ना, आप्पा?"

मी म्हणालो, "व्हय."

नवनाथराव चांगले निघाले. पण त्यात माझी काही करणी नाही, आणि त्यानं तो 'व्हय' पुसला जात नाही. पंधरा वर्षं तो तू एकटीनं वाहिलास.

तुझ्या आईलाही ठाऊक नव्हतं. काल सांगितलं. तिनं ताट वाढून माझ्यापुढं ठेवलं आणि पाठ करून बसली. तशीच म्हणाली, "मला काय सांगताय? जिचं हाय तिला लिवा."

आता पुढचं. बाहेरून दहावीला बसायचे फॉर्म शिरूरच्या शाळेत मिळतात. मी स्वतः जाऊन आलो. शेवटची तारीख एकोणतीस सप्टेंबर, शनिवार. पण माझ्या शब्दावर राहू नकोस. शाळेत विचारून तू स्वतः ताळा कर.

फॉर्म भरल्यापासून परीक्षेपर्यंत वीस आठवडे धरले. दहावीच्या बीजगणित आणि भूमिती अशा दोन्ही पुस्तकांतली गणितं मोजली, नऊशे भरली. आठवड्याला पंचेचाळीस. रविवारी तुला सुटी, म्हणून त्या दिवशी रोजच्याहून दहा जास्त. सहा दिवसांचे सहा क्ष, रविवारचे क्ष अधिक दहा, मिळून पंचेचाळीस. सात क्ष बरोबर पस्तीस. क्ष पाच. कामाच्या दिवशी पाच, रविवारी पंधरा. उत्तर उणे आलं नाही, बाईंनाही दाखवलंय.

रविवारची पंधरा माझ्याकडं. आठवीचं पुस्तक मी संपवलं, नववीचं निम्मं झालंय, दहावीत तुझ्यापुढं एक धडा तरी राहीनच. बाईंना तसा शब्द दिलाय. येत्या तेवीस तारखेपासून दर रविवारी सकाळी दहाला मी शिरूरच्या एसटी स्टँडवर असेन. तू आली नाहीस तर ती पंधरा तिथंच बाकावर सोडवीन, दुपारच्या गाडीनं परत येईन आणि पुढच्या रविवारी पुन्हा जाईन. भांडायला आलीस तरी वही घेऊन ये.

माफी मागत नाही. ती मागितली की तुला ती द्यावी लागेल, आणि आधीच तू पुष्कळ दिलंस.

सोबत तो जुना फॉर्म आहे. तुझ्या मराठीच्या पुस्तकात, कवितांच्या पानांत ठेवला होता. कागद पिवळा पडलाय. तुझी सही मात्र ताजी वाटते, घाईत केलेली, शाळा गाठायची असल्यासारखी. तिच्याखाली पालकाच्या सहीची जागा कोरीच होती. आज केली. तिचा आता उपयोग नाही, हे कळतं मला.

नव्या फॉर्मवर तुझ्या वयाला पालकाची सही लागत नाही, हेही विचारून आलोय. तिथं फक्त तुझी.

रविवारी दहा वाजता स्टँडवर बसलेला,

बबन म्हाळू ओव्हाळ
(पालक)