आम्ही, पिंपळखुटीचे लोक

पिंपळखुटी, सिंदेवाहीजवळ
ता. ८ डिसेंबर १९५३

प्रिय गोकुळाबाई,

आपला तलाव आपल्याला मिळाला. काल मंजुरीचा कागद आला.

मालगुजारी गेली, मालगुजाराचा तलाव सरकारचा झाला, तरी मासळीचा ठेका बाहेरचाच माणूस घ्यायचा, हे तू पाहिले आहेस. आपण ढिवर आपल्याच पाण्यात मजुरीने जाळी ओढायचो. ठेका आपल्याला मिळावा म्हणून बाबांनी तीनदा अर्ज केला. सुरुवात दर वेळी तीच, 'मायबाप सरकारच्या चरणी गरीब मुखरूची विनंती'. उत्तर कधी आले नाही.

या वेळी अर्ज लिहायला देवाजी गुरुजी बसले. त्यांनी बाबांना विचारले, "चरणी काऊन? आपली राज्यघटना कशी सुरू होते, मालूम आहे का?" मग त्यांनीच सांगितले, 'आम्ही, भारताचे लोक'. आधीचे कायदे विलायतेच्या राजाच्या नावाने यायचे. घटना करताना सभेत कोणी म्हणाले, देवाच्या नावाने सुरुवात करू. मते मोजली, आणि सुरुवात लोकांचीच राहिली.  मग बाबा म्हणाले, "त्या लोकायत आपून ढिवर बी आहो का, गुरुजी?" गुरुजी म्हणाले, "तुमच्याबिगर ते लोक पुरे होत नाईत."

अर्ज गेला तो असा: 'आम्ही, पिंपळखुटीचे लोक, कळवितो की...' चौकशीला साहेब आले. हे 'आम्ही' म्हणजे कोण, असे त्यांनी विचारले. पटवाऱ्यापुढेही मान खाली घालणारे आपले बाबा सरळ उभे राहून म्हणाले, "या पान्यात उतरतेत ते सारे. बायाबी." साहेबांनी तसेच लिहून घेतले. बाबांचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

आता आपल्या मासेमारी सहकारी संस्थेची नोंदणी आहे. यादीत बाबांनी अकरावे नाव तुझे सांगितले. दिल्या पोरीचे नाव कसे, असे झिंगूकाका म्हणाले. बाबा म्हणाले, "दिली म्हून लोकायतून गेली का?" नाव यादीत गेले. भाऊजी गेल्यावर मी तुला न्यायला आलो होतो, तेव्हा तू म्हणालीस, भावाच्या चुलीवर ओझं नाई होत. दोन वर्षे मी ते मनात धरून आहे. म्हणून हे पत्र. मी तुला माझ्या घरी नाही, तुझ्या तलावावर बोलावतो आहे. नोंदणीचा कागद पौर्णिमेनंतर जाईल. तुझ्या नावापुढची जागा कोरी आहे. तू चौथी शिकलेली. सही तुझ्याच हाताची लागेल.

तुझाच धाकटा भाऊ,
डोमा