अ. क्र. ४२ वरील नाक नोंदवहीतून कमी करून मिळणेबाबत

दिनांक : १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. श्री. सतीश तळभंडारे साहेब,
उपविभागीय अधिकारी,
पाणी व हवा तपासणी उपविभाग,
सोलापूर.

विषय : अर्जदाराचे नाक कार्यालयाच्या डेडस्टॉक रजिस्टरमधून कमी करून, दि. २६ सप्टेंबरच्या सुनावणीपूर्वी अर्जदारास वापरासाठी मिळणेबाबत.

संदर्भ : १) डेडस्टॉक रजिस्टर, पान ९, अ. क्र. ४१, ४२ व ४३.
२) परिपत्रक ‘वास व रंग या बाबी वगळणे’, दि. ३ फेब्रुवारी २०२५.
३) अर्जदारास दिलेले ज्ञापन, दि. ११ ऑगस्ट २०२५.
४) गेटपास क्र. १७ (नाक, नग १).

महोदय,

१. अर्जदार गुरुशांत मल्लप्पा हत्तुरे हा आपल्याच उपविभागातून क्षेत्र निरीक्षक या पदावरून ३१ मे २०२२ रोजी निवृत्त झाला आहे. सेवेची एकतीस वर्षे अर्जदाराने सोलापूर शहर व परिसरातले ओढे, गटारी आणि टॉवेल-चादरी रंगवणाऱ्या कारखान्यांच्या मागच्या भिंती हुंगण्यात घालवली. त्यातली सहा वर्षे आपण स्वतः अर्जदाराच्या मोटारसायकलवर मागे बसून येत होतात. हे केवळ ओळख पटावी म्हणून लिहिले आहे, त्याचा अर्जाशी संबंध नाही.

२. सन २००९ च्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला होता, तो असा : “वासाबाबत अकराशे चार अहवाल सादर झालेले दिसतात, परंतु वास घेण्याचे उपकरण दप्तरी आढळत नाही. सबब वास कशाने घेतला याचा खुलासा व्हावा.” खुलासा खरा होता व एका शब्दाचा होता. पण पथकाने विचारले, मग त्याची नोंद कुठे आहे? संध्याकाळच्या आत उत्तर देणे भाग होते. तेव्हा स्टोअरच्या लिपिक दाक्षायणी मॅडम यांनी टिकाऊ सामानाच्या, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये लोखंडी कपाटाच्या खाली आणि वॉटर कूलरच्या वर तीन नोंदी घेतल्या : अ. क्र. ४१, नाक, मानवी, नग १ (निरीक्षक सयाजी काशीद). अ. क्र. ४२, वरीलप्रमाणे (अर्जदार). अ. क्र. ४३, वरीलप्रमाणे (आपण). ‘प्राप्तीचा मार्ग’ या रकान्यात ‘जन्मतः’ असे लिहिले आहे. आक्षेप त्याच दिवशी निकाली निघाला व पथकाने शेंगाचटणी घेऊन प्रस्थान केले.

३. निवृत्तीच्या वेळी अर्जदाराने नमुन्याच्या बाटल्या, तापमापक व एक जोडी गमबूट जमा केले. नाक तेवढे राहिले. दाक्षायणी मॅडम म्हणाल्या, “सर, एवढं एक जमा करा की, लगेच ‘येणे बाकी नाही’चा दाखला देते.” अर्जदाराने ते सोयीनुसार नंतर करतो असे सांगितले. ही ढिलाई अर्जदाराकडून झाली, हे कबूल आहे. त्यानंतर तीन वर्षे नाक अर्जदाराकडेच होते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

४. यंदाच्या फेब्रुवारीत संदर्भ क्र. २ चे परिपत्रक निघाले. त्यानुसार पाण्याची तपासणी करताना वास व रंग पाहायचे नाहीत, आणि आमच्या पाण्याला वास येत नाही असे कारखान्याच्या मालकाने स्वतःच लिहून दिले की ते ग्राह्य धरायचे. त्या दिवसापासून अक्कलकोट रोडच्या बाजूच्या चिंचओढ्याला वास येत नाही, अशी कार्यालयाची नोंद आहे. ही बातमी ओढ्यापर्यंत अद्याप पोहोचलेली दिसत नाही. सोमवारी तो जांभळा असतो, गुरुवारी पोपटी; आणि वास रविवारी सुट्टी घेत नाही.

५. ओढ्याच्या काठी नागूबाई यांचा मेथी-शेपूचा मळा आहे. ओढा त्यांच्या विहिरीत झिरपतो. त्यांची वासाची तक्रार अर्जदारानेच २०१९ साली नोंदवली होती. ती आता परिपत्रकाप्रमाणे ‘अस्तित्वात नसलेल्या बाबीची तक्रार’ म्हणून बंद व्हायची आहे. अर्जदार निवृत्त झाला हे नागूबाईंना मान्य नाही. त्या घरी येऊन म्हणाल्या, “सायेब, तुमी कागदावरनं वास काढला म्हणं. तसाच माज्या हिरीतनं बी काढा की! म्हस तोंड लावंना. बाजारात बाया मेथीची पेंडी नाकाला लावत्यात आन् परत ठिवत्यात. त्यांला काय परिपत्रक दाखवू व्हय?”

६. म्हणून अर्जदार या तक्रारीवर आपल्यासमोर झालेल्या ८ ऑगस्टच्या सुनावणीस हजर राहिला व उभे राहून म्हणाला, “ओढ्याला वास येतो.” वाक्य एवढेच होते. त्यावर आपले ज्ञापन आले. त्यात म्हटले आहे की, अ. क्र. ४२ ही कार्यालयाची मालमत्ता असून तिचा खाजगी कामासाठी वापर करून त्याचे निष्कर्ष जाहीर करता येणार नाहीत. केल्यास साक्ष बाद होईल व वस्तू परत घेण्याची कारवाई होईल.

७. अर्जदाराने ज्ञापनाचे काटेकोर पालन सुरू केले. १३ ऑगस्ट रोजी अर्जदार स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला असता चुलीवरची डाळ लागली. अर्जदारास वास आला. परंतु निष्कर्ष जाहीर करण्यास मनाई असल्याने अर्जदार गप्प राहिला. डाळ, पातेले व पातेल्याचे झाकण यांचे नुकसान झाले. अर्जदाराची पत्नी ईरम्मा यांनी विचारले, “अय्यो, समोर बसून काय करत होतात?” अर्जदाराने ज्ञापन दाखवले. त्यावरचे त्यांचे पुढील म्हणणे कानडीत असून ते सोबत जोडलेले नाही. दूध नासले आहे का हे पाहण्यासाठी सध्या शेजारच्या सुंदरम्मांना बोलवावे लागते. त्या येतात, पण सांगण्याआधी चहा घेतात.

८. अ. क्र. ४१, म्हणजे श्री. सयाजी काशीद, यांचे प्रकरण वेगळे आहे. करोनात त्यांचा वास गेला तो परत आला नाही. त्यामुळे त्यांचे नाक ‘नादुरुस्त’ ठरवून रजिस्टरमधून लगेच कमी करण्यात आले व त्यांना दाखला मिळाला. म्हणजे ज्याला वास येत नाही तो वासाबद्दल मोकळेपणाने बोलू शकतो, आणि ज्याला येतो त्याने ज्ञापन वाचायचे. यावर उपाय म्हणून २१ ऑगस्टच्या सुनावणीस दोघे शेजारी बसले. नागूबाईंनी विहिरीच्या पाण्याचा तांब्या आणला होता. अर्जदाराने वास घ्यायचा आणि कोपराने खूण करायची : एक ढोसणी म्हणजे सौम्य, दोन म्हणजे उग्र, तीन म्हणजे असह्य. साक्ष काशीद देणार. तिसऱ्या ढोसणीस श्री. काशीद यांना गुदगुल्या झाल्या व ते मोठ्याने हसले. इतिवृत्तात ‘तक्रार हास्यास्पद असल्याचे साक्षीदारानेच दाखवून दिले’ अशी नोंद आहे. ती वगळावी, ही विनंती येथेच करून ठेवतो. काशीद यांनी अर्जदाराशी दोन दिवस अबोला धरला होता. आता बोलतात, पण शेजारी बसत नाहीत.

९. मग अर्जदाराने ठरवले की वस्तू रीतसर जमाच करून टाकावी. ४ सप्टेंबर रोजी सकाळी अकरा वाजता अर्जदार नाकासह स्टोअरमध्ये हजर झाला. दाक्षायणी मॅडमनी वस्तू पडताळून पाहिली, पोच दिली आणि मोडकी खुर्ची व पंख्याच्या पात्यांमध्ये जागा करून दिली. तेथे अर्जदार पावणेसहापर्यंत जमा होता. दुपारी मॅडमनी आपल्या डब्यातली कडक भाकरी दिली. पावणेसहाला पेच पडला. वस्तू आत ठेवून कुलूप लावायचे तर अर्जदार आत राहतो, आणि अर्जदार बाहेर जायचा तर वस्तू गेटपासशिवाय जाते. मॅडम म्हणाल्या, “सर, मला दोन्हीकडून मेमो आहे.” शेवटी त्यांनी तीस दिवसांचा गेटपास केला. आजमितीस अर्जदार त्यावरच बाहेर आहे. देवळात, हॉटेलात व एका बारशात त्याने तो जवळ बाळगला आहे. बारशात कोणी मागितला नाही.

१०. आता कायद्याचा मुद्दा. वास पाहायचाच नसेल, तर वास घेण्याचे उपकरण कार्यालयास निरुपयोगी झाले, आणि निरुपयोगी वस्तू रजिस्टरमधून कमी करण्याचा आपणास अधिकार आहे. ते निरुपयोगी नाही असे आपले मत असेल, तर त्याचा अर्थ कार्यालयाला वास अजून लागतो. मग ते सुनावणीत वापरावे. दोन्हीपैकी कोणतेही चालेल. वस्तू ठेवायचीही आणि वापरायचीही नाही, हा तिसरा मार्ग मात्र अर्जदाराच्या घरी दुसरे पातेले नसल्याने परवडणारा नाही.

११. आणखी एक गोष्ट, जी लिहावी की नाही यावर अर्जदाराने आठ दिवस विचार केला. ४ सप्टेंबरला दुपारी साडेतीनच्या सुमारास आपण स्वतः एक जुनी फाईल शोधायला स्टोअरमध्ये आलात. अर्जदार पंख्याच्या पात्यांमागे असल्याने आपणास दिसला नसावा. स्टोअरची खिडकी ओढ्याकडे उघडते. वारा तिकडूनच होता. आपण फाईल शोधता शोधता थांबलात, खिशातून रुमाल काढून नाकाला लावलात, खिडकी लावून घेतलीत, आणि फाईल न घेताच गेलात. अ. क्र. ४३ चालू स्थितीत आहे हे पाहून अर्जदाराला, खोटे कशाला सांगू, फार बरे वाटले. मोटारसायकलवर मागे बसून आपणच ओरडायचात, “सर, थांबा, हितं कायतरी सोडलंय!” आणि दहापैकी नऊ वेळा सोडलेले असायचे.

१२. तरी विनंती की, अर्जदाराचे नाक २५ सप्टेंबरपर्यंत रजिस्टरमधून कमी करावे, म्हणजे अर्जदारास दुसऱ्या दिवशी ते एकच वाक्य पुन्हा म्हणता येईल. निर्णय न झाल्यास अर्जदार सुनावणीस तरीही येईल, दुसऱ्या रांगेत बसेल आणि ज्ञापनाप्रमाणे काहीही बोलणार नाही. नागूबाई येतील. त्यांच्या हातात तांब्या असेल. या वेळी तो अर्जदारापुढे नाही, आपल्या टेबलावर ठेवायचा असे त्यांनी ठरवले आहे. “मोठ्या सायेबाला बी नाक असंलच की,” असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना रजिस्टरमधली नोंद माहीत नाही. अर्जदाराने सांगितलेली नाही.

आपण ३१ मे २०२६ रोजी निवृत्त होत आहात. तोपर्यंत अ. क्र. ४३ वापरण्यास आपणास कोणाच्याही परवानगीची गरज नाही. त्यानंतर ती लागेल. २६ सप्टेंबरला सुनावणीस येताना कृपया रुमाल आणू नये.

आपला,
व रजिस्टरपुरता कार्यालयाचाही,

(सही)
गुरुशांत मल्लप्पा हत्तुरे
सेवानिवृत्त क्षेत्र निरीक्षक

सोबत :
१) डेडस्टॉक रजिस्टर, पान ९ ची झेरॉक्स (कूलरसह).
२) गेटपास क्र. १७ ची झेरॉक्स. मूळ प्रत अंगावर आहे.
३) पातेल्याचा फोटो.
४) याच अर्जाचा कोरा नमुना, नाव व अ. क्र. ची जागा मोकळी ठेवून. दि. १ जून २०२६ पासून आपल्या उपयोगासाठी.