कॉलरमधली शिट्टी

११ जानेवारी, जेवणानंतर

ताई,

तुझं पत्र आठ दिवस खिशात घेऊन फिरतोय. मी ठणठणीत आहे, हातपाय जागच्या जागी आहेत. हे आधीच सांगतो, म्हणजे बाकीचं तू निवांत वाचशील.

भाऊजींची बदली बर्फाच्या गावी झाली, तर कोणत्या कंपनीचं जाकीट घ्यावं, असं विचारलंयस. गिर्यारोहकांना जाकिटं भाड्याने देणाऱ्या दुकानात दोन महिने मी तेच सांगत बसलोय. कासवाच्या चिन्हाचं पाण्याला दाद देत नाही, पण हातमोजे घालून त्याची चेन ओढता येत नाही. निळ्या अक्षरांचं आत पिसं भरलेलं, दुलईसारखं उबदार. भिजलं की मात्र भिजल्या मांजरासारखं होतं. मांजरावरून आठवलं, आमच्या दुकानातली व्याली, तीही नेमकी सगळ्यात महागड्या जाकिटावर. मालक आता गिऱ्हाइकाला तेही सांगतो, ऊब तपासून घेतलेली आहे म्हणून.

असो. हात वर केल्यावर मनगट उघडं पडतं का, टोपी वाऱ्याने उडते का, एवढं बघायचं. नाव सगळ्यात शेवटी. हे मी आत्ता म्हणतोय. महिन्यापूर्वी म्हणत नव्हतो.

तू शिवलेलं जाकीट मी देऊन टाकलं, ताई. इथे जो तो छातीवर नाव मिरवतो, माझी छाती कोरी. कोणत्या कंपनीचं, असं कुणी विचारलं की मी शेल्फ आवरायला लागायचो. शेवटी गिर्यारोहकांच्या छावणीतल्या आचाऱ्याशी अदलाबदल केली. त्याच्याकडे कुणा पाहुण्याने दिलेलं कासववालं होतं. कॉलरच्या आत तू शिवलेली शिट्टी बघून तो म्हणाला, गुरं वळायला होती काय?

मंगळवारी वरच्या छावणीत सामान पोचवून मी, आचारी आणि वाटाडे उतरत होतो. एक धबधबा गोठून काचेसारखा उभा होता. मी बघत रेंगाळलो. वाटाडे पुढे गेले, आणि मला आणायला आचारी मागे वळला. मी दुसऱ्या बाजूने उतरून खाली पोचलो. तो पोचला नव्हता.

मग धुकं आलं. तीन तास आम्ही हाका मारत होतो. वाऱ्यात हाक दहा पावलंही जाईना. कासववाल्या जाकिटात मला घाम फुटला होता.

आणि शिट्टी वाजली. बारीक, चिरकी, पुन्हापुन्हा. कड्याच्या आडोशाला बसला होता, पाय मुरगळलेला, ओठ निळे, पण आतून कोरडा. मला बघून पहिलं वाक्य काय, तर "ह्या कंपनीचा पत्ता दे."

"माझ्या ताईची आहे," मी म्हणालो, आणि त्याच्यासमोरच रडलो. तो म्हणाला, आधी पाय धर, मग रड.

आता पाय बरा आहे. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सगळ्यांवर ओरडतो. गरज लागली की शिट्टी वाजवतो. जाकीट परत द्यायला तयार नाही, आणि मीही मागितलं नाही.

तर भाऊजींसाठी विकत काही घेऊ नकोस, तूच शिव. कापड उरलंच तर माझ्या मापाचंही एक. बाह्या दोन बोटं वाढव. मी रस्ता सोडून भलतीकडे जाणार हे तू शिट्टी शिवतानाच म्हणाली होतीस. तेव्हा मला राग आला होता.

ह्या खेपेला शिट्टी जरा मोठी लाव.

तुझा, सापडलेला
भाऊ