सक्तीच्या वाचनाचा ठराव

तीर्थस्वरूप आबासाहेब दाजींच्या चरणी, धाकटा मेहुणा अजिनाथ याचा श्रीगोंद्याहून साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि अक्काचा राग (दोन्ही थंडीत वाढतात) आता उतरले असतील. इकडे ऊस कारखान्याला गेला, सगळे खुशाल आहेत, फक्त माझी अब्रू तेवढी गेली.

मी शाळेच्या पालक-शिक्षक संघाचा उपाध्यक्ष आहे (दुसरं कोणी तयार नव्हतं). मराठीच्या सत्यशीला बाईंना नववीकडून सातशे वर्षांपूर्वीचा एक ग्रंथ वाचून घ्यायचा होता. खतवाला कल्याण सभेत म्हणाला, न कळणारं वाचायला लावणं म्हणजे पोरांचा छळ. झालं, मी उठलो. अवघड वाचल्याशिवाय डोक्याला धार येत नाही, मी स्वतः पंधरा वर्षं सप्ताहात याच ग्रंथाच्या पारायणाला बसतो, असं अर्धा तास ठणकावलं. टाळ्या पडल्या, सक्तीचा ठराव मंजूर झाला आणि बाईंनी पहिलं पान समजावून सांगायला मलाच वर्गात बोलावलं.

दाजी, तुमच्यापासून काय लपवायचं? पारायणात शेजारच्या कारभारी आप्पांनी पान उलटलं की मी उलटतो. (आप्पा पलीकडच्याचं बघून उलटतात, हे यंदा कळलं.)

वर्गात मी चाल लावून खणखणीत वाचलं आणि सवयीने हात पानाकडे गेला. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून आमची अश्विनी उठली. "पप्पा, पान नका उलटू. पहिल्या वळीचाच अर्थ ऱ्हायलाय."

थाप मारायला तोंड उघडलं, पण लेकीच्या डोळ्यांत बघून मारवेना. "मला न्हाई कळत, बाळा," म्हणालो. ती म्हणाली, मलापण न्हाई. मग चाळीस पोरं त्या एका ओळीवर तास संपेपर्यंत भांडली. पन्नाशीत मला पहिल्यांदा एक ओळ कळली. लाज वाटली आणि आनंदही झाला, खोटं कशाला सांगू. तेव्हा माझं मत पक्कं आहे, असे ग्रंथ सक्तीचेच हवेत.

तुमचा,
अजिनाथ

ता. क. अश्विनीने ठरावात दुरुस्ती सुचवली आणि बाईंनी ती मान्य केली. ठरावाला हात वर करणाऱ्या पालकांनीही तो ग्रंथ वाचायचा आहे. सोमवारी आमची चाचणी आहे, पेपर अश्विनी काढणार आहे. तुमची शब्दार्थांची वही मिळेल त्या एसटीने पाठवा.

ता. क. २. तुम्ही मुख्याध्यापक होता. मंजूर ठराव रद्द कसा करतात, तेवढं अश्विनीला न कळू देता कळवा. कल्याणने अर्ज लिहून दिलाय, मी सही केलीय.